लेकीची रायफल हलकी करताना : जानेवारी ते जून २०२५ च्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज शेवटी रायफल पूर्ण उघडली आणि एकेक पार्ट काट्यावर ठेवला. दोन महिने नुसतं बोलणं चाललं होतं की जड होतीय जड होतीय, पण कुठं जड होतीय हे कुणी मोजलंच नव्हतं. १० मीटर एअर रायफल, जर्मन बनावटीची, सेकंडहँड घेतलेली, आधीचा मालक सहा फुटी मुलगा होता. माझी लेक तेरा वर्षांची, उंची १४८ सेंटीमीटर, वजन ३८ किलो. त्याला जी रायफल काडीसारखी वाटायची ती हिला पन्नाशीच्या पुढच्या शॉट्सना खाली ओढते.

काम करायच्या आधी दाबातल्या हवेचा सिलेंडर काढून ठेवला, बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) घातला, मगच पाना हातात घेतला. रिकामी आहे हे माहीत असलं तरी हे रोज करायचं, लेकीलाही तेच सांगितलंय.

स्वयंपाकघरातला पाच किलोचा काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवतो, तो घेतला. ॲक्शन (शॉट सोडणारी यंत्रणा) आणि बॅरल मिळून १५६० ग्रॅम. अल्युमिनियमचा स्टॉक, ग्रिप आणि गाल टेकायच्या चीकपीससकट १४९०. सिलेंडर ५२०, खांद्याला टेकणारी बटप्लेट ३३०, रायफल आणि डावा हात यांच्यामधला ठोकळा म्हणजे राइझर २३०, मागची बारीक भोकाची डायोप्टर साइट २१०, बॅरलवरची पुढची स्लीव्ह १९०, बॅरलवर लावलेली दोन वजनं मिळून १००, पुढच्या साइटचं टनेल म्हणजे छोटी नळी ६०, स्क्रू वगैरे ३०. बेरीज ४७२० ग्रॅम.

नियमात एअर रायफल साइटसकट ५.५ किलोपर्यंत चालते आणि कमीत कमी किती असावी याला मर्यादाच नाही, म्हणजे दोन्हीकडची भीती नाही. मी मनात ३.९ किलो धरलंय. कोचिंगच्या मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आकडा आधी ठरवू नका, आधी तिची शेवटची सिरीज बघा." म्हणून ते पण लिहून ठेवतो. काल क्लबवर साठ शॉट मारले, दहा दहाच्या सहा सिरीज : ९८.२, ९८.६, ९७.९, ९६.८, ९५.१, ९४.०. एकूण ५८०.६. पहिल्या आणि सहाव्या सिरीजमध्ये चार पॉइंटांच्या वर फरक, तोच माझा शत्रू. पहिल्या तीस शॉटला तिला काही शिकवायची गरज वाटत नाही, नंतर पाठ मागं जाते, कमरेच्या हाडावरचं डावं कोपर सरकतं आणि मग ती दंडाच्या ताकदीनं रायफल धरायला लागते.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून रेंजवर गेलो, गर्दी तुफान. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं तेव्हापासून लेन मिळायला वेळ लागतोय, आणि मला त्याचा आनंदच आहे. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये प्रोनला (झोपून मारायच्या प्रकारात) वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हा मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथच्या कामाला नवीन होतो, पेपरमधला फोटो वर्कशॉपच्या भिंतीवर लावलेला अजून आठवतो.

असो, मुद्दा. आज बॅलन्स पॉइंट काढला. अर्धा इंची गोल बारवर रायफल आडवी ठेवायची आणि जिथं ती दोन्हीकडं न कलता थांबते तिथं टेप लावायची. लेकीच्या डाव्या तळव्याचा मध्य जिथं येतो तिथं दुसरी टेप. दोन टेपांमधलं अंतर ९.५ सेंटीमीटर, बॅलन्स पुढं.

आता जो रोज पाना वापरतो त्याला हे समजावायला लागत नाही. नट घट्ट असला तर आपण जोर वाढवत नाही, पान्याला पाइप लावून लांबी वाढवतो. तसंच बॅरलच्या टोकाचं वजन. हातापासून ६० सेंटीमीटरवर असलेले १०० ग्रॅम आणि हातापासून १० सेंटीमीटरवर असलेले ६०० ग्रॅम हाताला सारखेच ओढतात. काट्यावर मात्र ते १०० आणि ६०० दिसतात. म्हणजे काटा अर्धीच गोष्ट सांगतो. म्हणून आजपासून वहीत दोन आकडे लिहायचे : वजन, आणि वजन गुणिले बॅलन्सचं अंतर. आजचा दुसरा आकडा ४७२० गुणिले ९.५ म्हणजे ४४,८४०. याला मी वहीत 'ओढ' लिहिलंय.

पहिला बदल फुकटचा, बॅरलवरची दोन्ही वजनं काढली. वजन ४६२०, बॅलन्स ८.७, ओढ ४०,१९४.

९ फेब्रुवारी

आज माझी चूक लिहायचीय आणि नीट लिहायचीय, कारण अजून कुणी तरी पालक हेच करणार.

कार्बन फायबरची बटप्लेट घेतली. ओळखीच्या एका शूटरकडनं, कमी किमतीत, दिसायला एकदम भारी. जुनी ३३० ग्रॅमची, ही १९०, म्हणजे एका स्क्रूच्या कामात १४० ग्रॅम कमी. काट्यावर ४४८० बघून मी खूश झालो, लेकीच्या आईला पण दाखवलं. लेकीनं रायफल खांद्याला लावली, दहा सेकंद धरली आणि म्हणाली, "पप्पा, ही तर जास्त ओढतीय."

मला वाटलं नवीन आहे म्हणून वाटत असेल, सवय होईल. दोन दिवस तशीच वापरायला लावली. तिसऱ्या दिवशी बारवर ठेवून बघितलं तर बॅलन्स ८.७ वरून १०.२ वर गेलेला! सगळ्या रायफलचं वजन २४० ग्रॅमनं कमी झालंय आणि ओढ ४५,६९६, म्हणजे मी काहीच केलं नव्हतं तेव्हापेक्षाही जास्त. बटप्लेट हातापासून ३८ सेंटीमीटर मागं आहे, ती पुढच्या बॅरलला तोलून धरत होती, कावडीच्या मागच्या घागरीसारखी. मी मागची घागर रिकामी केली आणि पुढची भरलेलीच ठेवली.

पोरीचं पहिलंच वाक्य बरोबर होतं आणि मी दोन दिवस ऐकलं नाही याचं वाईट वाटतंय. जुनी बटप्लेट परत लावली. कार्बनची विकणार नाही, पुढं कधी सगळाच तोल मागं गेला तर उपयोगाला येईल.

यातनं नियम काढला. जे हाताच्या पुढं आहे ते आधी हलकं करायचं, मागच्याला हात लावायच्या आधी तीनदा विचार.

२३ फेब्रुवारी

सिलेंडर. हा बदल वजनासाठी नसता केला तरी करायलाच लागला असता, कारण जुन्या स्टीलच्या सिलेंडरवरचा शिक्का बघितला तर २०१४ चा. कंपन्या या सिलेंडरची मुदत दहा वर्षं धरतात आणि मॅचच्या वेळी इक्विपमेंट कंट्रोलला म्हणजे सामानाच्या तपासणीला तारीख बघू शकतात, मुदतीतला सिलेंडर ही शूटरची जबाबदारी. २०० बारची हवा पोरीच्या हनुवटीपासून दीड फुटावर असते, तिथं 'चालतंय की' म्हणायचं नाही. सेकंडहँड रायफल घेणाऱ्या प्रत्येकानं पैसे द्यायच्या आधी ही तारीख बघावी, मी बघितली नव्हती.

नवीन सिलेंडर त्याच कंपनीचा, अल्युमिनियमचा, छोट्या साइजचा, ३३० ग्रॅम. जुना ५२०. शिवाय लांबीला कमी असल्यानं त्याचं वजन हाताकडं चार सेंटीमीटरनं सरकलं. ओढ ४०,१९४ वरून ३४,९९७ वर, बॅलन्स ७.९. एका पार्टमध्ये एवढा फायदा दुसरीकडं कुठं मिळाला नाही.

छोट्या सिलेंडरला शॉट कमी मिळतात, ते मोजलं. २०० बारपासून ८० बारपर्यंत साधारण १६० शॉट. मॅचला साठ, सायटिंगचे म्हणजे मॅचआधीच्या सरावाचे वीस पंचवीस धरले तरी भरपूर उरतात. मोठ्या माणसाला सकाळ संध्याकाळ प्रॅक्टिसला दोनदा भरायला लागेल, आम्हाला नाही. भरताना मात्र सावकाश, वॉल्व्ह फटकन उघडला तर सिलेंडर गरम होतो आणि थंड झाल्यावर प्रेशर खाली दिसतं.

एक गंमत म्हणून जुना स्टीलचा सिलेंडर फेकायच्या आधी काट्यावर भरलेला आणि ७० बारला उतरलेला असा दोन्ही वेळा मोजला होता, फरक ३१ ग्रॅम. हवेला वजन असतं हे शाळेत शिकलो होतो, काट्यावर पहिल्यांदा बघितलं. लेकीनं ते तिच्या सायन्सच्या वहीत लिहून घेतलं.

उद्यमनगरातल्या एका मित्रानं विचारलं, जुनाच सिलेंडर लेथवर घेऊन बाहेरनं पातळ करू का. नाही. बॅरल, ॲक्शन, ट्रिगर आणि ज्यात प्रेशर आहे अशा कशालाही लेथ, ड्रिल, कानस काही लावायचं नाही. माझं स्वतःचं पोट टर्निंगवर चालतं आणि तरी सांगतोय.

९ मार्च

स्लीव्ह. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : एअर रायफलचं खरं बॅरल दिसतं त्यापेक्षा आखूड असतं, पुढं जी नळी दिसते ती नुसती पोकळ स्लीव्ह, पुढची साइट लांब नेण्यासाठी. पेलेटला म्हणजे छऱ्याला तिचा काही उपयोग नाही, डोळ्याला आहे.

जुनी १९० ग्रॅमची लांब. नवीन ९५ ग्रॅमची, दहा सेंटीमीटर आखूड, ज्युनियर मॉडेलसाठी बनवलेली. (वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, अँशुट्झ या सगळ्यांची ज्युनियर मॉडेल असतात, त्यांचे सुटे पार्ट मोठ्या रायफलला बसतात का हे मात्र मॉडेलप्रमाणे विचारून घ्यावं, आमचं नशिबानं बसलं.) वजन ४३३५, बॅलन्स ६.७, ओढ २९,०४५. लेकीनं धरून बघितली आणि काही न बोलता दोन मिनिटं तशीच उभी राहिली. खाली ठेवल्यावर म्हणाली, "आता खांदा नाही दुखला."

१६ मार्च

आखूड स्लीव्हची किंमत पण मोजायला लागते. मागच्या डायोप्टरपासून पुढच्या साइटपर्यंत आधी ८० सेंटीमीटर होतं, आता ७०. पुढची साइट मधोमध नसून एक दशांश मिलिमीटर सरकली असेल तर ८० ला टार्गेटवर १.२५ मिलिमीटर चूक होते, ७० ला १.४३. आपल्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर आणि पुढं प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटरची, म्हणजे तीच चूक आधी अर्धा पॉइंट खायची, आता त्याच्या थोडी वर. कागदावर हे नुकसान आहे. पण चाळिसाव्या शॉटनंतर हात थरथरतो तेव्हा जाणारे पॉइंट याच्या कितीतरी पट आहेत, म्हणून मी हा सौदा मान्य केला.

दुसरं, पुढची साइट डोळ्याच्या जवळ आली म्हणजे टनेलच्या आतली, जिच्यातनं टार्गेट बघायचं ती रिंग मोठी दिसायला लागली, टार्गेटच्या काळ्याभोवतीचा पांढरा पट्टा रुंद झाला आणि ती म्हणायला लागली काळं तरंगतंय. रिंग ४.१ मिलिमीटरची होती, हिशोब केला तर ३.६ च्या आसपास यायला पाहिजे. ३.६ लावली, तरंगणं थांबलं. हे स्लीव्ह बदलणाऱ्यानं विसरू नये, नाहीतर पोरं उगाच डोळ्याच्या डॉक्टरकडं जातात.

आता खरी काळजीची गोष्ट. मॅडमनी क्लबच्या स्कॅटवर (निशाणा कसा हलतो ते स्क्रीनवर रेघेनं दाखवणारं यंत्र) तिची होल्डची रेघ दाखवली. आधी रेघ मोठी पण संथ होती, हळूहळू जायची हळूहळू यायची. आता रेघेचा गोळा लहान आहे पण मध्येच चिमटा काढल्यासारखे झटके. मला वाटलं पुढचं अजून हलकं करू. मॅडम म्हणाल्या, "तीन आठवडे हात लावू नका. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशानं काय झालं ते कधी कळणार नाही." ऐकलं.

२३ मार्च

हात लावू नका म्हटलं होतं तरी एक संधी आली म्हणून मॅडमना विचारूनच केलं. क्लबमधल्या एका मुलाची उंची वाढली, त्याचा जुना लाकडी ज्युनियर स्टॉक आठवडाभर वापरायला मिळाला. १०९० ग्रॅम, आमच्या अल्युमिनियमच्यापेक्षा ४०० कमी. वजन ३९३५, म्हणजे जानेवारीत मनात धरलेला आकडा जवळजवळ आलाच!

आणि बॅलन्स ८.२. फेब्रुवारीतली बटप्लेटचीच गोष्ट परत, फक्त यावेळी मी आधीच हिशोब केला होता म्हणून धक्का बसला नाही. स्टॉकचं बरंचसं वजन हाताच्या मागं असतं, ते काढलं की तोंड जड. लाकूड हाताला उबदार लागतं, गालाला छान लागतं, लेकीला ते खूप आवडलं होतं. पण चीकपीस तिच्या गालापर्यंत येत नव्हता, मान वाकवायला लागत होती, आणि या वयात मान वाकवून महिनोन्महिने उभं राहणं मला चालणार नाही. अल्युमिनियमचा जड आहे पण सगळीकडनं ॲडजस्ट होतो, पोर वाढेल तसा वाढवता येतो. परत दिला. ३.९ चा नाद सोडला.

३० मार्च, पाडवा

तीन आठवडे संपले नव्हते तरी गुढी उभारून दुपारी नवीन राइझर बसवला. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलानं थ्रीडी प्रिंट करून दिला, ७० ग्रॅम, जुना अल्युमिनियमचा ठोकळा २३०. राइझर हवाच, कारण हिचं धड लांब आणि हात आखूड, राइझर नसला तर रायफल डोळ्यापर्यंत येत नाही. वजन ४१७५. ओढीत फरक फार नाही, कारण राइझर हातावरच बसतो. बॅलन्स ६.९.

स्क्रू टायटॅनियमचे करावेत का असं एकानं सुचवलं. सगळे स्क्रू मिळून ३० ग्रॅम, वाचणार दहा बारा, ते पण बहुतेक हाताजवळचे. पैसे वाया. ॲक्शनचे मुख्य बोल्ट तर बदलायचेच नाहीत, कंपनीनं दिलेल्या टॉर्कवर टॉर्क पान्यानं आवळायचे, तेवढंच.

१३ एप्रिल

काल जोतिबाची यात्रा. गुलालानं अजून कान लाल आहेत. डोंगरावर गर्दीत उभा राहून सासनकाठ्या बघत होतो आणि डोक्यात रायफल. एवढी उंच काठी, माणूस पट्ट्यात घेऊन नाचवतो, चारी बाजूंनी दोऱ्या धरलेल्या. उंच काठी कलायला लागली तरी सावकाश कलते, सावरायला वेळ मिळतो. तीच काठी चार फुटांची केली तर हलकी होईल पण तळहातावर उभी करून बघा, क्षणात पडते. माझ्या शेजारी एक आज्जा उभे होते, आयुष्यभर काठी धरलेले. ते म्हणाले, "शेंड्याला वजन असलं की काठी शांत राहती, पण जास्त झालं की माणूस मोडतो."

मार्चमधले झटके म्हणजे हेच. टोकाचं वजन ओढ वाढवतं हे अर्धं खरं, टोकाचं वजन झटकेही गिळतं. ओढ अंतराच्या पटीत वाढते, पण हलण्याला जो विरोध होतो तो अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे टोकाशी अगदी थोडंसं वजन ठेवलं तर ओढ फार न वाढता शांतपणा बराच परत मिळतो. मी जानेवारीत १०० ग्रॅम सरसकट काढले होते आणि मग स्लीव्हचे पण ९५ काढले, जरा जास्तच झालं.

आज उद्यमनगरातल्या आण्णांच्या लेथवर ३० ग्रॅमची स्टीलची रिंग काढून घेतली, आतनं स्लीव्हच्या मापाची, नायलॉनच्या स्क्रूनं धरणारी, म्हणजे स्लीव्हला ओरखडा नको. बॅरलवरचं वजन बाजूला किती बाहेर यावं याला नियमात मर्यादा आहे, म्हणून रिंग बारीकच ठेवली. हातापासून ४८ सेंटीमीटरवर बसवली. बॅलन्स ७.२ झाला, अर्थात थोडा पुढं गेला. पण स्कॅटवर चिमटे कमी झाले ते संध्याकाळीच दिसलं. मॅडमचे तीन आठवडे संपून चौथाही झाला होता, त्यांनी मान हलवली.

२० एप्रिल

राइझर गेला. शुक्रवारी दुपारी किट गाडीत राहिली, गाडी उन्हात, काचा बंद, तीन तास. प्रिंट पीएलएची होती, ते प्लास्टिक साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, बंद गाडीत एप्रिलमध्ये तेवढं सहज होतं. वरनं बघितलं तर ठीक दिसत होता, पण लेकीचे सगळे शॉट डावीकडं खाली जायला लागले आणि ती बिचारी स्वतःला दोष देत बसली, पप्पा माझा ट्रिगर चुकतोय का, पप्पा माझं फॉलो थ्रू कमी पडतंय का. तासाभरानं पाणसळ ठेवून बघितलं तर रायफल एका बाजूला कललेली.

तेरा वर्षांच्या पोरीनं माझ्या पार्टच्या चुकीसाठी स्वतःला दोष द्यावा हे मला फार लागलं. किटला सावलीच पाहिजे, आणि राइझरला प्लास्टिक नकोच. तोवर जुना २३० चा ठोकळा परत.

४ मे

उद्यमनगरात दोन दिवस आण्णांसोबत बसून जुन्या राइझरच्याच मापाचा नवीन अल्युमिनियमचा केला, आतनं खिसे काढून, बाजूच्या भिंती तीन मिलिमीटर, वरचा भाग जिथं रेलला बसतो तो पूर्ण भरीव. १४० ग्रॅम. ९० ग्रॅम वाचले, प्लास्टिकला वाचले असते त्यापेक्षा ७० कमी, पण हा वाकणार नाही. कडा सगळ्या गोल केल्या कारण तळहात तिथंच टेकतो. आण्णांनी पैसे घेतले नाहीत, म्हणाले, "पोरगी मेडल घिऊन आली की पेढं आणा."

त्यांच्याकडच्याच पितळेच्या तुकड्यातनं ५० ग्रॅमची चकती काढली आणि बटप्लेटच्या दांड्यावर मागं बसवली, हातापासून ४० सेंटीमीटर मागं. होय, हलकी करायला निघालेला माणूस मागं वजन वाढवतोय. बॅलन्स ७.१ वरून ६.५ वर आला.

आजची स्थिती : वजन ४३२५, बॅलन्स ६.५, ओढ २८,११३. जानेवारीपासून काट्यावर कमी झाले फक्त ३९५ ग्रॅम, म्हणजे साधारण आठ टक्के. ओढ कमी झाली सदतीस टक्के. मॅडमनी फोनवर हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता महिनाभर पाना कपाटात ठेवा आणि किल्ली मला द्या."

१ जून

पाना कपाटातच होता. आज क्लबची अंतर्गत मॅच, पंधरा मिनिटं तयारी आणि सायटिंग, मग पंचाहत्तर मिनिटांत साठ शॉट, सगळं मॅचसारखं. मी बाहेर बाकावर बसलो, आत स्क्रीनकडं बघायचं नाही असं ठरवून.

९८.०, ९८.९, ९८.४, ९८.७, ९७.६, ९८.१. एकूण ५८९.७.

पहिली सिरीज जानेवारीत ९८.२ होती, आज ९८.०. म्हणजे रायफलनं तिला जास्त चांगली शूटर बनवलेलं नाही, ते तिच्या हातात आणि मॅडमच्या हातात आहे. पण सहावी ९४.० होती ती ९८.१. वाढलेल्या नऊ पॉइंटांतले साडेआठ मागच्या तीन सिरीजमधनं आले. पाचव्या सिरीजला थोडी घसरली, विचारलं तर म्हणाली तहान लागली होती पण बाटली लांब होती. पुढच्या वेळी बाटली स्टँडजवळ.

बाहेर आल्यावर तिनं पहिल्यांदा पाठ ताणली नाही. दर वेळी जॅकेट काढल्या काढल्या कमरेवर हात ठेवून मागं वाकायची. आज सरळ जाऊन मैत्रिणींसोबत उसाच्या रसाला गेली. ५८९ पेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

१५ जून

शाळा सुरू होतीय. उंची मोजली, १५०. म्हणजे पाच महिन्यांत दोन सेंटीमीटर, बटप्लेट एक खूण मागं घेतली आणि परत बारवर ठेवून बघितलं तर बॅलन्स किंचित मागं आलाय, ६.४. बटप्लेट मागं गेली की तोलही मागं येतो हे आता हिशोब न करताच लक्षात येतं.

काढलेले सगळे पार्ट एका पत्र्याच्या डब्यात ठेवले. लांब स्लीव्ह, बॅरलची दोन वजनं, ४.१ ची रिंग, कार्बनची बटप्लेट, प्रत्येकाला कागदाची पट्टी, तिच्यावर ग्रॅम आणि काढल्याची तारीख. हे परत लागणार, एकेक करून, पोर वाढेल तशी. मॅडमचा अंदाज दिवाळीनंतर पुढं अजून वीस तीस ग्रॅम झेपतील. मुदत संपलेला सिलेंडर मात्र डब्यात नाही, तो पूर्ण रिकामा करून वॉल्व्ह काढला आणि भंगारात देताना आण्णांच्या करवतीनं मधोमध कापला, म्हणजे कुणी परत भरणार नाही.

डब्याचं झाकण लावायला गेलो तर लेक म्हणाली थांबा, आणि स्वतः काटा आणून डबाच ठेवला त्यावर. मग पट्टीवर तिच्या अक्षरात आकडा लिहिला आणि डबा कपाटात वरच्या फळीवर ठेवला.